आडनाव आणि विद्यावंश

जोशी हे आडनाव महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, राजस्थान, कुमाऊँ आणि थेट नेपाळपर्यंत आढळते. ते लावणाऱ्यांत नामवंत पुष्कळ निघाले. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांनी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली पदवी मिळवली. वामन मल्हार जोशी यांनी ‘रागिणी’ आणि ‘सुशीलेचा देव’ या कादंबऱ्यांतून तत्त्वचर्चा मराठी कादंबरीच्या दिवाणखान्यात आणून बसवली. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी यांचे अध्यापनाचे क्षेत्र पाली हे होते, ही गोष्ट त्यांच्या विनोदावर लुब्ध झालेल्या वाचकांच्या सहसा ध्यानात राहत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक महादेवशास्त्री जोशी, गायक भीमसेन जोशी, गुजराती कवी उमाशंकर जोशी, पातंजल महाभाष्याचे इंग्रजी भाषांतरकार शि. द. जोशी आणि संगणकीय भाषाविज्ञानातले अरविंद जोशी ही नावेही या यादीत घालावी लागतात.

या साऱ्यांत नाव सोडून आणखी काही समान आहे का, हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. त्याचे दोन पदर आहेत. अनेक व्यक्तींना एक शब्द लागतो तेव्हा त्यांच्यात एक वस्तुभूत धर्म असलाच पाहिजे का, हा तत्त्वज्ञानाचा पदर. जन्माने लाभलेल्या नावाबरोबर विद्येची पात्रता किंवा अधिकारही येतो का, हा धर्मशास्त्राचा.

पहिल्या पदराला न्याय-वैशेषिकांनी बारकाईने हात घातला आहे. त्यांच्या मते अनेक गाईंत गोत्व ही एकच, नित्य अशी जाती राहते. मात्र शब्द समान दिसला की जाती मान्य केली, असा उदारपणा त्यांनी दाखवला नाही. उदयनाचार्यांनी जाती मानण्याच्या आड येणाऱ्या सहा बाधकांची गणना केली. त्यांपैकी ‘संकर’ हे बाधक येथे नेमके लागू पडते. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात, पण एरवी पहिला दुसऱ्याला सोडून आणि दुसरा पहिल्याला सोडूनही आढळतो, अशा वेळी त्यांना जाती म्हणता येत नाही. भूतत्व आणि मूर्तत्व हे शास्त्रातले ठरीव उदाहरण: पृथ्वीत दोन्ही आहेत, आकाशात केवळ भूतत्व, मनात केवळ मूर्तत्व. जोशी म्हणजे मुळात ज्योतिषी, पण जोशीपण आणि ज्योतिषज्ञान यांचेही असेच आहे. पंचांग जाणणारे जोशी आहेत, पंचांगाचे पानही न उलटलेले जोशी आहेत, आणि ज्योतिषात पारंगत असूनही जोशी नसलेले लोक तर असंख्य आहेत. म्हणजे जोशीपण ही जाती नव्हे. नैयायिक अशा धर्माला उपाधी म्हणतात: व्यवहारापुरता, जोडून तयार झालेला धर्म.

वैयाकरणांची वाट जरा निराळी. पतंजलींच्या महाभाष्यात शब्दांचे जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द असे चार प्रकार येतात. यदृच्छाशब्द म्हणजे देणाऱ्याच्या इच्छेने वस्तूला चिकटलेले नाव. ‘डित्थ’ हे त्याचे परंपरेतले उदाहरण. आडनावाला या चौकटीत बसवताना अडचण होते. ज्या पहिल्या माणसाला गावाने मुहूर्त काढणारा म्हणून जोशी म्हटले, त्याच्यापुरता तो क्रियाशब्द होता. त्याच्या पणतूने लाकडाची वखार घातली तेव्हा त्याचा जवळजवळ यदृच्छाशब्द झाला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनामे व्यक्ती दाखवतात, गुण सांगत नाहीत, असे प्रतिपादले. आडनाव मात्र पूर्णपणे गुणशून्य नसते. भारतात तर ते ऐकणाऱ्याला प्रदेश, भाषा, जात यांचा अंदाज देऊन जाते, आणि तो अंदाज पुष्कळदा अन्यायाचे कारण होतो.

बौद्धांना ही सारी धडपड अनाठायी वाटली असती. मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजाला सांगतो की आपले नाव ही केवळ एक व्यवहारसंज्ञा आहे. तिच्यामागे धरून दाखवावा असा कोणी पुरुष सापडत नाही. पुढे दिङ्नागाने अपोहवाद मांडला: गाय या शब्दाचा अर्थ गोत्व नसून गाय नसलेल्यांची व्यावृत्ती. गाईच्या बाबतीत हा सिद्धांत ओढाताणीचा वाटतो. आडनावाच्या बाबतीत तो फार चपखल बसतो, कारण कुलकर्णी, पाटील, कांबळे नसलेला तो जोशी, याहून अधिक अर्थ त्या शब्दाच्या वाट्याला आज क्वचितच येतो.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण एकोणिसाव्या शतकात त्याला विज्ञानाचा पोशाख मिळाला. फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ साली आनुवंशिक प्रतिभेवर ग्रंथ लिहून न्यायाधीश, सेनापती, शास्त्रज्ञ, कवी, संगीतकार, इतकेच काय, नौका वल्हवणारे आणि मल्ल यांच्याही आप्तांची मोजदाद केली आणि थोरवी रक्तातून उतरते असा निष्कर्ष काढला. गाल्टन स्वतः चार्ल्स डार्विनचा सावत्र आतेभाऊ होता, तेव्हा या निष्कर्षाने तो दुःखी झाला नसावा. त्याला उत्तर आले आल्फाँस द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाकडून. कांदोलचे वडीलही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. म्हणजे वंशाचा दाखला द्यायला तो गाल्टनइतकाच पात्र होता. तरी १८७३ च्या ग्रंथात त्याने शास्त्रज्ञ घडण्यामागे शिक्षण, धर्मसंस्था, राज्यव्यवस्था आणि भाषा यांचा वाटा किती हे दाखवले.

गाल्टनच्या बाजूने सर्वांत जड पुरावा म्हणजे बाझेल शहरातील बेर्नुली घराणे. तीन पिढ्यांत या घराने आठ गणिती दिले. पण याकोबने आपला धाकटा भाऊ योहान याला गणित स्वतः शिकवले होते, आणि योहानचा मुलगा डानिएल गणिताच्याच हवेत वाढला. रक्त आणि शिकवणी एकाच छपराखाली असताना कशाचे श्रेय किती, हे त्या घरावरून ठरवता येत नाही. ते ठरवायला योहानचा दुसरा एक शिष्य उपयोगी पडतो. लेओनहार्ट ऑयलर हा बाझेलजवळच्या रीहेन गावच्या पाद्र्याचा मुलगा. बेर्नुलींची गणितपरंपरा ज्याने सर्वांत पुढे नेली तो ऑयलर बेर्नुली नव्हता.

रक्ताचा वंश आणि विद्येचा वंश यांतला हा भेद भारतीय शास्त्रकारांना फार आधीपासून माहीत होता. पाणिनीच्या एका समासविषयक सूत्रावर लिहिताना काशिकावृत्तीने वंश म्हणजे काय हे सांगितले आहे: विद्येने किंवा जन्माने चालत आलेली संततीची एकसारखी परंपरा. दोन्हींना तोच शब्द, आणि विद्येचा उल्लेख आधी. बृहदारण्यक उपनिषदात ‘वंश’ या नावाने ज्या याद्या येतात त्या पिता-पुत्रांच्या नसून गुरु-शिष्यांच्या आहेत, आणि शेवटच्या यादीतले आचार्य तर बापाच्या कुळावरून नव्हे, आईच्या नावावरून ओळखले जातात. छांदोग्यातल्या सत्यकाम जाबालाला आपले गोत्र सांगता येत नाही, तरी गौतम त्याला शिष्य म्हणून पत्करतो. गोत्रप्रवराची व्यवस्थाही वाटते तेवढी रक्ताला बांधलेली नव्हती. यज्ञात क्षत्रिय यजमानाने पुरोहिताचे प्रवर (म्हणजे पूर्वज ऋषींची नावे) घ्यावेत असा श्रौतसूत्रांचा नियम आहे.

या कसोटीवर जोशी मंडळींची यादी लावली की ती पार विस्कटते. भीमसेन जोशी (१९२२–२०११) गदगचे, शिक्षकाच्या घरातले. गाण्यासाठी ते लहानपणीच घर सोडून निघाले. त्यांचे गुरू सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, आणि रामभाऊंचे गुरू अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याच्या या वंशावळीत आडनावे सोडाच, धर्मही एक नाही. लक्ष्मणशास्त्री (१९०१–१९९४) धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. ते घडले वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, नारायणशास्त्री मराठे म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती यांच्या हाताखाली. शि. द. जोशी पाठशाळेच्या परंपरेतून हार्वर्डला गेले आणि तेथे नव्यन्यायाचे अमेरिकन अभ्यासक इंगॉल्स यांच्याकडे त्यांनी संशोधन केले. अरविंद जोशी (१९२९–२०१७) पुण्यात जन्मले, अभियांत्रिकी शिकले आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठात झेलिग हॅरिस यांच्या भाषाविश्लेषणाच्या प्रकल्पात काम करताना व्याकरणाकडे वळले. वाक्यरचनेचे लहान वृक्ष एकमेकांत गुंफून भाषेचे वर्णन करणारी त्यांची पद्धती १९७५ पासून प्रसिद्ध आहे. पुण्याचे दोन जोशी, दोघेही व्याकरणाचे. एकाची गुरुपरंपरा पतंजलीकडे जाते, दुसऱ्याची अमेरिकन संरचनावादाकडे. आनंदीबाई आणि अरविंद यांचे विद्येचे गाव एकच, फिलाडेल्फिया, हा मात्र निव्वळ योगायोग.

मग ही यादी इतकी लांब का? पहिले कारण साध्या गणनेचे आहे. आडनाव जेवढे पसरलेले, तेवढे त्यात नामवंत सापडण्याची शक्यता अधिक. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जोशी हे बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांचे आडनाव राहिले. ग्रामजोशीपण हे वतन होते, आणि त्याबरोबर अक्षरओळख, संस्कृत पाठांतर आणि पुढे इंग्रजी शाळेच्या पहिल्या बाकांवरची जागा त्यांना इतरांच्या आधी मिळाली. रक्ताने दिले असे जे वाटते, त्यातले पुष्कळ काही वतनाने आणि जातिव्यवस्थेने दिले.

याचा पडताळा त्याच आडनावात मिळतो. कुडमुडे जोशी, मेढंगी जोशी, डमरूवाले आणि सहदेव जोशी हे महाराष्ट्रातले भटके समाज. त्यांचा पिढीजात धंदाही भविष्यकथनाचाच. आडनाव तेच, व्यवसायाचे बीजही तेच. पण पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या या जोशांची मुले पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या बाहेर राहिली. कोशांमधल्या जोशांच्या यादीत त्यांची नावे शोधावी लागतात. नावात काही गुण वसत असता, तर तो या घरांनाही सारखाच लाभला असता. गाल्टनच्या सिद्धांताला हा पुरावा बेर्नुलींच्या आठ गणितींपेक्षा भारी पडतो.

धर्मशास्त्रातला अधिकाराचा प्रश्नही येथेच उभा राहतो. वेदाध्ययन, पौरोहित्य, मंदिरप्रवेश यांचा अधिकार जन्मावर ठेवणाऱ्या स्मृतिकारांनी काशिकेतला दुसरा पर्याय, जन्माचा, तेवढा उचलला आणि पहिला गुंडाळून ठेवला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ नंतर भट-जोशांशिवाय लग्ने लावून त्या अधिकाराला व्यवहारात आव्हान दिले. शास्त्राच्या आखाड्यात ते दिले एका जोशानेच. लक्ष्मणशास्त्रींनी अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही या बाजूने गांधीजींना साहाय्य केले, १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा आंतरजातीय विवाह लावला, आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहून परंपरेची तपासणी परंपरेच्याच साधनांनी केली. ग्रंथप्रामाण्य नाकारून भौतिकवादापर्यंत गेलेला हा पंडित धर्मकोशाचे संपादन मात्र करत राहिला, ही त्यांच्या चरित्रातली सर्वांत बोलकी विसंगती. ती विसंगती न मानता विद्यावंशाशी राखलेले इमान मानणे अधिक योग्य.

लक्ष्मणशास्त्री ज्याचे प्रमुख संपादक होते त्या मराठी विश्वकोशात अर्वाचीन व्यक्तींच्या नोंदी आडनावाने सुरू होतात, त्यामुळे हे बरेचसे जोशी एकाच खंडात शेजारी शेजारी सापडतात. शोधायला ती व्यवस्था सोयीची आहे. त्यापलीकडे त्या शेजाराला अर्थ नाही.