वेळ शुभ कोण ठरवितो?

आपण दीक्षा घेतली, घरातला देव्हारा काढला. पण लेकीच्या लग्नाची वेळ ठरविताना पंचांगवाल्याकडे कुणीतरी गुपचूप जाऊन येतोच. वेळेत शुभ-अशुभ असते काय?

इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. मेंदूच्या धर्तीवरच्या एका संगणकी जाळ्याला त्यांनी चित्रफिती दाखविल्या. जाळ्यात घड्याळ नव्हते. दृश्य ओळखताना आत जे ठळक बदल होत, तेवढे मोजून किती वेळ गेला याचा अंदाज काढला. गजबजलेल्या शहराच्या चित्रफितीचा अंदाज लांब निघाला, शांत कचेरीचा आखूड. माणसांचेही तसेच झाले. यंत्राने मुहूर्त खोटा पाडला, असे मी म्हणत नाही. त्यासाठी यंत्र कशाला हवे? पण वेळेचा लांब-आखूडपणासुद्धा जर बदल पाहणारे मन ठरविते, तर शुभाशुभ घड्याळाच्या काट्यात कोठून येणार?

नातेवाईक विचारतात, मग बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दसराच का धरला? सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराची आठवण म्हणून! त्या दिवसाला अर्थ माणसांनी दिला, ग्रहांनी नव्हे. लेकीचे लग्न रविवारी ठेवा. नोकरदारांना सुट्टी असते, पाहुणेही येतील.