प्रकल्पाची मुदत आणि मुलाचे वय

शासकीय सेवेत असताना 'मुदत' हा शब्द आम्ही फार सहजपणे लिहीत असू. अनुदानाची मुदत, अहवालाची मुदत, मुदतवाढीचा प्रस्ताव. निवृत्तीपूर्वी काही वर्षे स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानाचे काम आमच्याकडे होते. बेळगाव जिल्ह्यातील एका लहानशा संस्थेचा प्रकल्प मार्चअखेर संपला आणि तिची कार्यकर्ती हिशेबाची वही घेऊन आली. हिशेब चोख होता. उपयोगिता प्रमाणपत्राचा कागद पुढे केला तेव्हा तिने विचारले, "साहेब, एप्रिलमध्ये त्या दोन पोरांना गोळ्यांसाठी कोण नेणार?" पोरे एचआयव्हीबाधित, आईवडील वारलेले, घरात फक्त आजी, आणि तिला बसची पाटी वाचता येत नव्हती. आम्ही 'पाहू' म्हणालो. शासकीय भाषेत 'पाहू' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे वाचक जाणतातच.

औषध शासनाचे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 1 एप्रिल 2004 पासून आपल्या देशात एआरटी औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळू लागली. मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम 2006 च्या अखेरीस सुरू झाला. हे काम लहान नव्हे. उपचार न मिळाल्यास बाधित अर्भकांपैकी सुमारे निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच दगावतात. नियमित औषध घेणारे मूल मोठे होते, शिकते, संसारही करते. परंतु गोळी आणि मूल यांच्यामध्ये एक अंतर उरते. वजन वाढले की मात्रा बदलावी लागते. परीक्षेच्या दिवशी गोळी चुकते. दहाव्या वर्षी मूल विचारते, "हे मलाच का रोज घ्यावे लागते?" या प्रश्नाला उत्तर देणारे माणस कोणत्याही आस्थापनेच्या तक्त्यात सापडत नाही, आणि सापडलेच तर ते कंत्राटावर असते.

मग हे कर्तव्य कोणाचे? शासनाचे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. समाजाचे, असे म्हणणे त्याहून सोपे. 'स्थानिक संस्थांचे सक्षमीकरण' हा शब्द आम्हीही टिपणींत पुष्कळदा लिहिला आहे. त्याचा प्रत्यक्षातील अर्थ दोन दिवसांची कार्यशाळा, एक पिशवी आणि दुपारचे जेवण एवढाच असे. शासनाने किंवा देणगीदाराने अंग काढून घेण्यापूर्वी उच्चारायचा तो मंत्र आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो आम्हाला खोडता येणार नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत एचआयव्हीची सेवा देणारी माणसे रातोरात कामावरून गेली. आपल्याकडील कार्यक्रमाचा बहुतांश खर्च केंद्राच्या तिजोरीतून होतो, म्हणून तो तडाखा येथे तसा बसला नाही. असो.

खरी गाठ आणखी निराळी आहे. गावातील संस्था उपयोगी पडते, कारण तिला घर ठाऊक असते. आणि घराला भीती वाटते तीही नेमकी याच गोष्टीची. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे 2009 साली बाधित मुले शाळेत येतात म्हणून इतर पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली होती. चंदगड भागातील माणूस औषधासाठी बेळगावला येतो तो जवळ पडते म्हणूनही, आणि तेथे आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणूनही. ज्या जवळिकीवर आपण भिस्त ठेवू पाहतो ती या कुटुंबांना बोचते, हे ध्यानात न घेता स्थानिक संस्थांचा गौरव करणे आम्हाला अप्रामाणिक वाटते.

सप्टेंबर 2018 मध्ये अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीविना रोगाची माहिती उघड करण्यास मनाई केली. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, आणि ती आम्हाला विशेष वाटते: अशा कुटुंबातील बारा वर्षांवरील समजदार भावंड धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी, बँक खात्यासाठी, उपचारासाठी पालक म्हणून उभे राहू शकते. मूल प्रत्यक्षात कोण वाढवते आहे, हे कायद्याने पाहिले. संस्थांच्या बाबतीतही हेच पाहावे, असे आमचे मत आहे. ज्यांना स्वतः हा रोग आहे, जी मुले याच गोळ्यांवर मोठी झाली, त्यांच्या हाती निर्णय आणि हिशेबाची वही द्यावी. गुपित कसे राखावे हे त्यांना शिकवावे लागत नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी औषधे पोहोचवणाऱ्यांत अशी माणसे होती. पैसा मात्र शासनाने द्यावा, आणि मुलाच्या वयाच्या हिशेबाने द्यावा. ज्या मुलाला आपण एकदा गोळी सुरू केली त्याला ती आयुष्यभर घ्यायची आहे. पाच वर्षांनी 'पाहू' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

निवृत्तीनंतर ती कार्यकर्ती एका लग्नात भेटली. त्या एप्रिलचे काय झाले, असे आम्ही संकोचानेच विचारले. बसभाडे तिच्या बचतगटाने दिले होते. पुढे एकदा तिने गटाची वही दाखवली. दर महिन्याला एक नोंद : बस, दोन पूर्ण, दोन अर्धी. काही पाने उलटल्यावर : बस, तीन पूर्ण, एक अर्धे.