मामाच्या गावाची नोंद

जात पडताळणीच्या निमित्तानं हल्ली वऱ्हाडात घरोघरी वंशावळ काढली जाते. तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल येते, शाळेतून दाखल-खारीजचा उतारा. पणजोबा, आजोबा, वडील अशी नावं कागदावर चढतात आणि काम झालं की फाइल कपाटात. त्यात आजी कुठं असते?

गाडगेबाबांचंच बघा ना. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्म, मूळ नाव डेबूजी, आडनाव जाणोरकर. वडील लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या, अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. मामाची गुरं राखत, शेती करत डेबूजी तिथं मोठे झाले. नुसत्या बापाच्या बाजूनं शोध घेणाऱ्याला हे दापुरं सापडायचंच नाही.

तेव्हा आज दुपारी वही घेऊन आजीजवळ बसा. सन विचारू नका, ते कोणाला आठवतं! लग्नाचं वऱ्हाड बैलबंडीनं आलं की शकुंतला रेल्वेनं, तेव्हा शेतात कपाशी उभी होती की ज्वारी, हे विचारा. मध्येच मावशी बोलेल, दोघींचं जुळणार नाही. दोघींचं लिहा, कोण काय म्हणालं ते नावासकट.