हळद काळी, कुंकूही काळेच

पूजेचे तबक घ्यावे. हळद, कुंकू, बुक्का, झेंडूची फुले, अक्षता आणि एखादे निळे गोकर्ण. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली जाहीर केलेल्या ओल्या कोलोडियन काचेवर त्याचे छायाचित्र काढले असते, तर हळद, कुंकू आणि बुक्का सारखेच काळपट उमटले असते. झेंडू काळवंडला असता, गोकर्ण मात्र उजळले असते.

त्या काचेवरचे चांदीचे क्षार निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देत. हळद नेमका निळा प्रकाश गिळते, कुंकूही गिळते. सांगलीच्या बाजारातली हळद चुन्यासारख्या अल्कलीने लाल होते आणि पारंपरिक कुंकू तयार होते. डोळ्यांपुढे घडणाऱ्या या बदलाचा काचेला पत्ताच नाही! १८७३ मध्ये हेर्मान फोगेलने रंगद्रव्ये मिसळून काचेची नजर हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढवली. लाल रंगालाही नीट दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले.

मग खोटे कोण बोलले?

न्यायशास्त्रात भ्रमाचे ठरलेले उदाहरण आहे ते पिवळ्या शंखाचे. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. दोष पित्ताचा, शंखाचा नव्हे. पण काचेला कसली कावीळ? ती निरोगीच आहे आणि दर वेळी तेच सांगते. नैयायिक यावर म्हणू शकेल, की काच काही जाणतच नाही, मग तिला भ्रम कुठला? चित्र पाहून ‘हा बुक्का’ असे ठरवणाऱ्याचे अनुमान चुकले. उत्तर चोख आहे. तरी ते पुरत नाही, कारण ‘निरोगी डोळा’ म्हणजे शेवटी माणसाचाच डोळा. अतिनील प्रकाश मधमाशीला दिसतो, आपल्याला नाही. तेवढ्यापुरते आपणही काचेच्याच पंगतीत.

कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबाच्या यात्रेत उधळला जाणारा भंडारा या काचेवर काजळीसारखा दिसला असता. लोणंद-फलटणच्या वाटेवर वारकऱ्याच्या कपाळीचा बुक्का आणि सवाशिणीचे कुंकू यांत फरक उरला नसता. सौभाग्याचा एवढा मोठा भेद रंगावर उभा, आणि काचेला तो ठाऊकच नाही.

पुढे स्टुडिओतले रंगारी कृष्णधवल छायाचित्रांवर कुंचल्याने रंग भरू लागले. कपाळावरच्या काळ्या ठिपक्यात लाल भरताना त्यांच्या हाताशी काचेची साक्ष नव्हतीच; होती ती घरच्यांनी दिलेली माहिती, म्हणजे नैयायिकांच्या भाषेत शब्दप्रमाण.