दोन-दोन हायड्रोजन

पाठ टेकून बसा. श्वास मुद्दाम लांबवू नका, चाललाय तसा चालू द्या.

सकाळच्या भाकरीकडे मन न्या. पिठाचं ग्लुकोज झालं, ते रक्तावाटे पेशीपेशींत पोचलं. आत्ता तिथे त्यातला हायड्रोजन काढून घेणं चालू आहे. चुलीत लाकडातला हायड्रोजन भडकून जातो. तुमच्या आत जाळ नाही. एका वेळी दोनच अणू निघतात.

यातली एकच पायरी डोळ्यांसमोर धरा, घाई नको. ग्लुकोज तुटत जाताना वाटेत तयार होणारं चार कार्बनांचं सक्सिनिक आम्ल. पूर्वी ते अंबर, म्हणजे दगड झालेली राळ, तापवून काढत. पेशीतल्या तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात रुतून बसलेलं एक विकर, सक्सिनेट डीहायड्रोजिनेज, मधल्या दोन कार्बनांवरचा एकेक हायड्रोजन उचलतं. त्या कार्बनांमधला एकेरी बंध दुहेरी होतो आणि फ्युमारिक आम्ल तयार होतं. निघालेली जोडी झेलणारा रेणू बी-२ जीवनसत्त्वापासून घडलेला असतो. दुधातलं, पालेभाजीतलं हे जीवनसत्त्व इथे कामी येतं.

स्वीडनमधल्या लुंडच्या थोर्स्टन टुनबेर्ग यांनी हे नळीत दिसेल असं केलं. हवा काढलेल्या नळीत स्नायूचा अर्क, सक्सिनिक आम्ल आणि मिथिलीन ब्लू. हायड्रोजन रंगाकडे जातो आणि निळा रंग हळूहळू मावळतो. हवा आत सोडली की निळाई परतते. मला विज्ञानातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सुंदर वाटतात. ती नळी मनात धरून थोडं थांबा.

आता श्वासाकडे या. आपल्याला वाटतं, आत घेतलेला ऑक्सिजन कार्बनला भेटतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तसं नाही. उच्छ्वासातल्या त्या वायूतला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे २४ अणू निघतात: १२ त्याचे स्वतःचे, १२ वाटेत मिसळलेल्या पाण्याचे. त्यांचे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात, त्या प्रवासात ऊर्जा मिळते, आणि अगदी शेवटी तुमच्या श्वासातला ऑक्सिजन त्यांची वाट पाहत असतो. ते भेटतात, पाणी होतं. दिवसभरात सुमारे पाव लिटर.

तळहात ओठांजवळ आणा. सावकाश श्वास सोडा. हाताला लागणाऱ्या ओलाव्यात त्या पाण्याचाही थोडा वाटा आहे.