लाल दोऱ्यावरचे स्वातंत्र्य

अमेरिकेत स्कायडायव्हिंग करणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात. खालचे मुख्य पॅराशूट तो स्वतः घडी घालून भरतो, नाहीतर मैदानावरच्या पॅकरला पैसे देऊन भरून घेतो. वरचे असते राखीव. स्वतः रिगर असल्याशिवाय ते भरायची त्याला मुभा नाही. रिगर म्हणजे पॅराशूट तपासणारा, दुरुस्त करणारा आणि भरणारा कारागीर, आणि त्याच्याकडे केंद्र सरकारच्या हवाई वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे, प्रमाणपत्र लागते. घडी पुरी झाली की रिगर पिशवी बंद करणाऱ्या पिनेभोवती बारीक लाल दोरा फिरवतो, दोऱ्याच्या टोकांवर मण्याएवढे शिसे बसवतो आणि पकडीने दाबून त्यावर आपल्या नावे मिळालेली खूण उमटवतो. सोबतच्या कार्डावर तारीख आणि सही. त्या तारखेपासून १८० दिवस उलटले की ते पॅराशूट आतून कितीही ठणठणीत असो, कायद्याच्या लेखी निकामी. २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती.

या दोऱ्यापासून सुरुवात करण्याचे कारण असे, की हा दोरा पाठीवर घेऊन फिरणारी माणसे राजकारणावर बोलू लागली की बहुधा वेगळेच काही बोलतात. माझा जीव, माझी जोखीम, सरकारने मध्ये पडू नये. अमेरिकेत हे वाक्य कोणत्याही एका पक्षाच्या मालकीचे नाही. बंदुकीच्या हक्कासाठी उजवीकडचे ते म्हणतात, स्वतःच्या शरीरावरच्या हक्कासाठी डावीकडचे. तेरा हजार फुटांवरून ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने मिनिटभर खाली येणाऱ्या माणसाच्या तोंडी मात्र ते जास्त शोभून दिसते, कारण त्या मिनिटात त्याच्याजवळ खरोखरच कोणी अधिकारी नसतो. माझे म्हणणे असे आहे की हा खेळ त्या वाक्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो आणि प्रत्यक्षात साक्ष उलटी देतो. इथले स्वातंत्र्य सरकारने रिकामी सोडलेली जागा नाही. ते नियमांनी, मोठ्या कष्टाने, घडवलेले आहे. आणि ‘सरकार जास्त की कमी’ हा अमेरिकी राजकारणाचा आवडता प्रश्न इथे फारसा कामाचा ठरत नाही. कामाचा प्रश्न दुसराच आहे: धोका कोणाला ठाऊक आहे, आणि तो कोण सोसतो.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त पुलाचे एक उदाहरण दिले होते. आगरकरांच्या पिढीने मिल पचवलेला असल्याने मराठी वाचकाला ते अगदीच परके नसावे. पूल धोकादायक आहे आणि कोणी त्यावर पाऊल टाकतो आहे. त्याला धोका ठाऊक नसेल आणि सांगायला वेळ नसेल तर त्याला धरून मागे ओढण्यात स्वातंत्र्यभंग नाही. ठाऊक असूनही तो निघाला असेल तर मात्र त्याला सावध करावे, अडवू नये. स्कायडायव्हिंगविषयीचा अमेरिकी कायदा जवळजवळ या पुलावरच उभा आहे, मग कायदा करणाऱ्यांनी मिल वाचला असो वा नसो. उडी मारणाऱ्याला केंद्र सरकार परवानाच देत नाही. ते काम युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ही खेळाडूंचीच संघटना करते: पहिला, ‘ए’ परवाना किमान २५ उड्यांनंतर, सर्वांत वरचा ‘डी’ ५०० उड्यांनंतर. अनुभवी माणसाने स्वयंचलित उघडणीचे यंत्र लावावे, अशी सक्ती कायद्यात नाही. माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचे भान सुटले तर साधारण साडेसातशे फुटांवर हे यंत्र राखीव पॅराशूट आपोआप सोडते. १९९१ मध्ये जर्मनीतून आलेल्या ‘सायप्रेस’ने ते घरोघरी नेले. पण टँडेम उडीत, जिथे नवखा माणूस प्रशिक्षकाच्या छातीला बांधलेला असतो, तिथे हे यंत्र बंधनकारक आहे, आणि प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि पाचशे उड्या लागतात. ज्याला ठाऊक आहे त्याला मोकळीक, ज्याला ठाऊक नाही त्याला संरक्षण. माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी ९० व्या वाढदिवशी, जून २०१४ मध्ये, मेन राज्यात हेलिकॉप्टरमधून उडी मारली तेव्हा रिपब्लिकन बाण्याचे, एकट्याच्या हिमतीचे चित्र म्हणून ती देशभर झळकली. त्या चित्रातही ते एकटे नव्हते. पाय साथ देत नव्हते, आणि ते टँडेमच्या पट्ट्यांनी प्रशिक्षकाला बांधलेले होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो दमदार आहे. हे सारे नियम खेळाडूंनी स्वतःच केले, मग यात सरकारचे श्रेय कुठले? गोष्ट बरीचशी खरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने पॅराशूट स्वस्तात मिळू लागले, १९४६ मध्ये जो क्रेन यांनी उडी मारणाऱ्यांची संघटना बांधली, तीच पुढे आजची असोसिएशन झाली. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेल्या जाक इस्तेल यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑरेंज गावी पहिले व्यावसायिक केंद्र काढले आणि जत्रेतली कसरत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. १९७० च्या दशकात या खेळात अमेरिकेत वर्षाला सरासरी ४० हून अधिक माणसे दगावत. २०२१ मध्ये सुमारे ३५ लाख उड्यांमागे मृत्यू झाले १०. एवढी घसरण खात्याच्या परिपत्रकाने होत नाही. चौकोनी, हवेने फुगणारे पॅराशूट, मुख्य पॅराशूट क्षणात सोडून देता येणारी तीन कड्यांची जोडणी, स्वयंचलित यंत्र, सगळे कारागिरांच्या आणि खेळाडूंच्या डोक्यातून निघाले. पण ‘नियम आपले आहेत’ म्हणजे ‘नियम नाहीत’ असे होत नाही. आणि हे स्वयंशासन ज्या जमिनीवर उभे आहे ती केंद्राची आहे: राखीव पॅराशूटचा दर्जा, रिगरचे प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना. भक्कम पाया दुसऱ्याने घालून दिला की वरचे मजले आपल्या आवडीने बांधता येतात, आणि बांधणाऱ्याला कालांतराने पाया दिसेनासा होतो.

तो दिसतो अडचण आली की. अमेरिकेतली अनेक ड्रॉप झोन, म्हणजे उड्यांची केंद्रे, छोट्या नगरपालिकांच्या किंवा काउंटींच्या विमानतळांवर आहेत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वर चढणाऱ्या विमानाची घरघर शेजाऱ्यांना नको असते, नगरसेवकांना दाव्यांची धास्ती असते, आणि एके दिवशी ठराव येतो की आमच्या विमानतळावर पॅराशूट नको. अशा वेळी ‘सरकारने मध्ये पडू नये’ म्हणणारा खेळाडू थेट वॉशिंग्टनचे दार ठोठावतो, कारण त्याची ढाल तिथेच आहे. ज्या विमानतळाने विकासासाठी केंद्राचे अनुदान घेतले, त्याने ते सर्व हवाई उपक्रमांना वाजवी अटींवर, भेदभाव न करता खुले ठेवायचे असते, आणि एफएए पॅराशूट उडीला हवाई उपक्रम मानते. तक्रार तिथे करता येते. खेळाडूंच्या संघटनेने तर या लढायांसाठी वेगळा निधीच ठेवला आहे. गावाचा निर्णय गावात व्हावा, हे तत्त्व अमेरिकी राजकारणात देव्हाऱ्यात असते. इथे नेमके त्याच्याविरुद्ध केंद्राने नागरिकाला आकाश मिळवून दिले आहे. यात दांभिकपणा शोधायची मला घाई नाही. ज्याच्या हक्कावर गदा येते तो जवळच्या सत्तेविरुद्ध लांबच्या सत्तेकडे जातो, हे जुनेच आहे.

आकाश आणि सत्ता यांचे नाते किती नाजूक आहे, ते २० एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये दिसले. एक लहान विमान संसदभवनाच्या परिसरात घिरट्या घालू लागले आणि कॅपिटल पोलिसांनी तातडीने इमारत रिकामी केली. विमानात होते लष्कराच्या ‘गोल्डन नाइट्स’ या पॅराशूट पथकाचे जवान. सैनिकांच्या गौरवाचा कार्यक्रम म्हणून ते जवळच्या बेसबॉल मैदानात उतरणार होते. पोलिसांना कोणी कळवलेच नव्हते, आणि सभापती नॅन्सी पेलोसी यांनी त्याचे खापर एफएएवर फोडले. सरकारचे विमान, सरकारचे सैनिक, सरकारची इमारत, आणि सरकारलाच सरकारची भीती. साध्या खेळाडूला याची छोटी आवृत्ती वरचेवर भेटते: राष्ट्राध्यक्ष जिथे जातील तिथे सुमारे तीस सागरी मैलांच्या वर्तुळात उड्डाणांवर निर्बंध येतात आणि पॅराशूट उडी तर बंदच होते. मग ते राष्ट्राध्यक्ष कोणत्याही पक्षाचे असोत, नेमका शनिवार-रविवार हातचा जातो.

सरकार सपशेल चुकते अशी जागाही आहे, आणि ती झाकून माझा मुद्दा पुढे नेणे बरे नव्हे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला एल कॅपिटन हा सुमारे तीन हजार फुटी सरळ कडा. १९६६ मध्ये दोघांनी त्यावरून पॅराशूट घेऊन उडी मारली आणि दोघेही हाडे मोडून घेऊन वाचले. १९८० मध्ये उद्यान प्रशासनाने परवाने देऊन पाहिले आणि थोड्याच काळात ते बंद केले. तेव्हापासून तिथे ही उडी गुन्हा आहे, आणि वापरला जातो तो नियम पॅराशूट किंवा हेलिकॉप्टरने माणसे वा वस्तू उद्यानात आणण्याविषयीचा. गिर्यारोहक त्याच कड्यावरून पडून मरू शकतो, कायदेशीरपणे. जून १९९९ मध्ये एक तरुण सुखरूप उतरला आणि रेंजरांपासून पळताना मर्सेड नदीत बुडाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंदीच्या निषेधार्थ काही जणांनी उघडपणे, अटक करून घेण्याच्या तयारीने, उड्या मारल्या. आमच्याकडच्या सत्याग्रहाचीच रीत. त्यांतल्या जॅन डेव्हिस यांनी, सामग्री जप्त होणार म्हणून, नेहमीची न घेता दुसरी वापरली. तिच्यात पायलट शूटची, म्हणजे पॅराशूट ओढून बाहेर काढणाऱ्या छोट्या छत्रीची, जागा पाठीशी नव्हती, पायापाशी होती. पॅराशूट उघडलेच नाही. बंदीने त्यांना मारले असे म्हणता येणार नाही. पण बंदीने धोका कमी केला नाही, अनोळखी केला. आयडाहोतल्या ट्विन फॉल्सच्या पेराइन पुलावरून वर्षभर परवान्यावाचून उडी मारता येते, वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर गॉर्जच्या पुलावरून दर ऑक्टोबरात एका शनिवारी, बचावपथके खाली उभी असताना. अर्थात परवानगीने मरण टळते असेही नाही. १९६६ च्या जोडीपैकी ब्रायन शूबर्ट चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, याच पुलाच्या कायदेशीर उडीत गेले. मिलचा पूल इथे अक्षरशः पूल झाला आहे, आणि ज्याला धोका ठाऊक आहे त्याला जाऊ द्यावे असेच मी त्याकडे पाहून म्हणेन.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो: धोका एकट्याचा कधीच नसतो. १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाला पैशाअभावी परत पाठवणे रुग्णालयांना मना आहे, मग मोडलेल्या मांडीचा खर्च अखेर सगळ्यांवर पडतो. हाच युक्तिवाद मोटरसायकलस्वारांच्या हेल्मेटसक्तीसाठी केला गेला, आणि १९७६ मध्ये संसदेने राज्यांवरचा दट्ट्या काढताच अनेक राज्यांनी सक्ती उठवली. मला हा युक्तिवाद चुकीचा वाटत नाही, पण तो फार लांब जातो. त्याच न्यायाने समोसा, शिकार आणि बाळंतपणही सरकारच्या ताब्यात जाईल. खर्चाचा प्रश्न विम्याने सुटतो. धोका लपलेला असेल तर मात्र विम्याने सुटत नाही, आणि या खेळात लपलेला धोका पॅराशूटमध्ये फारसा उरलेला नाही. तो विमानात आहे.

उडीआधी खेळाडू पानेच्या पाने भरून सह्या करतो, की काहीही झाले तरी दावा करणार नाही. कोलोरॅडोत सतरा वर्षांच्या एका मुलाने १९७३ मध्ये अशी सही केली, त्याच वर्षी तो सज्ञान झाला, आणि पुढच्या वर्षी उड्डाण घेतानाच विमान कोसळून जखमी झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ती सही ग्राह्य धरली. सही उडीच्या जोखमीवर होती असे कोणीही म्हणेल. इजा झाली ती प्रवासी म्हणून. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००८ च्या अहवालात मोजले की १९८० पासून अशा विमानांच्या ३२ अपघातांत १७२ माणसे गेली, आणि त्यातले बहुतेक उडी मारायला निघालेले होते. कॅलिफोर्नियातल्या पेरिसला १९९२ मध्ये दूषित इंधनाने सोळा गेले. मंडळाने देखभालीवर आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणावर कडक देखरेख मागितली. पण पैसे घेऊन माणसे वर नेणारी ही विमाने प्रवासी विमान कंपन्यांच्या नियमांखाली येत नाहीत. त्यांना लागू होतात ते खासगी उड्डाणांचे सैल नियम. इथे ‘सरकारने मध्ये पडू नये’ हे वाक्य खेळाडू म्हणतो आणि त्याचा लाभ विमानमालक घेतो. नियम वाढले तर तिकीट महागेल, छोटी केंद्रे बंद पडतील, हा आक्षेप खरा आहे, आणि काही केंद्रे बंद पडावीत.

२१ जून २०१९ रोजी हवाईतल्या डिलिंगहॅम विमानतळावरून उठलेले किंग एअर विमान काही क्षणांत उलटून पडले आणि आतले अकराही जण मेले. मंडळाने वैमानिकाच्या आक्रमक उड्डाणाला मुख्य कारण ठरवले, सोबत देखभालीला, आणि एफएएच्या अपुऱ्या नियमांनाही. त्या विमानाला २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात एक अपघात झालेला होता, आणि डाव्या पंखाला आलेला पीळ दुरुस्तीनंतरही तसाच राहिला होता. विमानात चढणारा स्कायडायव्हर आपली पिन तपासतो, शेजाऱ्याची तपासतो, लाल दोरा आणि शिसे जागेवर आहे का पाहतो, कार्डावरची तारीख मोजतो. त्या पंखाची तारीख लिहिलेले कार्ड त्याच्या हाती कोणी देत नाही.