हलक्या पिशवीचे ओझे

विदर्भातल्या ऊर्जानगरातून हॉस्टेलांच्या भरवशावर भटकंतीला निघणारा तरुण दोन कपडे, पंचा आणि चार्जरवर भागवतो. याला अपरिग्रह म्हणावे का?

विदर्भाच्याच गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले. हातात मडके आणि खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी साधी झोपडीही बांधली नाही.

प्रश्न इथेच अवघड होतो. हलके चालणाऱ्याचे अंथरूण, भांडी, पाणी दुसऱ्या कुणीतरी जपून ठेवलेले असते. जैन मुनींचा विहारही श्रावकांनी दिलेल्या आहारावर चालतो. तेव्हा निव्वळ सामान कमी करण्याला त्याग म्हणणे घाईचे ठरेल. त्यात परावलंबनही असू शकते.

बाबांचा हलकेपणा अधिक खरा वाटतो, कारण ते गावात शिरले की आधी रस्ते झाडत, मगच भाकरी मागत.